टर्बो आहे, पण दम आहे का?

सध्या ऑफिसात सेकंडहँड पिकअपचं फॅड आहे. मागे हौदा, पुढे टर्बो डिझेल, आणि वीकेंडला थेट ट्रेक! इसुझूने 2016 साली डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणली, तेव्हापासून 'पिकअप म्हणजे भाजीची गाडी' हे समीकरण बदललं. त्या सुरुवातीच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या शोधात आहेत. माझ्या टीममधला एक पठ्ठ्या तर बोनस आणि वर पर्सनल लोन घालून घ्यायच्या बेतात आहे. पाच मीटरहून लांब गाडी बोरिवलीच्या सोसायटीत लावणार कुठे, हे त्याने आईला अजून सांगितलेलं नाही. ते त्याचं तो बघेल. मला काळजी टर्बोची आहे.

टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या गरम धुरावर फिरणारं चक्र. जोरात असलं की मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या, आणि आधार फक्त ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल वेळेवर बदललं नाही, किंवा हायवेवर दामटलेली गाडी थांबताक्षणी बंद करायची सवय असली, की ऑइल जळून काजळी धरते आणि बेअरिंगची वाट लागते. म्हणून मीटरवरच्या कमी किलोमीटरला भुलू नका. साकीनाक्याला पाऊण तास फर्स्ट-सेकंड करणाऱ्या गाडीचं मीटर जेमतेम हलतं. इंजिन मात्र चालूच असतं, क्लच प्लेट झिजतच असते.

एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 डिझेल घेताय? मग काजळी अडवणारा फिल्टरही आला. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी सलग मोकळा रस्ता लागतो. घाटकोपर ते मुलुंड एलबीएसवरून रोज रखडणाऱ्या गाडीला तो कुठून मिळणार?

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर विक्रेत्याने ती आधीच फिरवून आणलीय. सरळ दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू केल्यावरच खरा धूर दिसतो. निळा असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे टर्बोचं सील नाहीतर पिस्टन रिंग. काळा धूर आणि ओढ नाही, तर आधी इंटरकूलरचे होज तपासा. फाटका रबरी पाइप टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्तात बदलतो. हलकी शिट्टी चालेल, ॲम्ब्युलन्सचा सूर नको.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला चिखलाचा डाग दिसला, तर गाडीने कुठल्या तरी पावसाळ्यात अंधेरी सबवेसारखं पाणी बघितलंय. हौद्यातलं प्लास्टिक उचलून खालचा गंज बघा, मागचे पाटे सपाट झालेत का तेही.

शेवटी तुमच्या (विक्रेत्याच्या नव्हे!) गॅरेजवाल्याला टर्बोचा हवेचा पाइप काढायला सांगा. आतलं चक्र बोटाने हलवलं आणि ते कडेला घासलं, तर नव्या टर्बोचा खर्च किमतीतून वजा करा. विक्रेता तयार नसेल तर लोनचा फॉर्म भरू नका.