गळतं वर, भिजतं खाली

स्वयंपाकघराच्या छताला ओल धरली, की ती सगळ्यात आधी दिसते घरातल्या बाईला. पोळ्या लाटता लाटता मान वर जाते आणि पिवळट डाग कालच्यापेक्षा मोठा वाटतो. घरात सांगावं, तर उत्तर ठरलेलं, 'पाहू पुढं!' पुढं म्हणजे दिवाळीला रंग देताना. रंगानं डाग झाकतो, पण पाणी काही आपली वाट सोडत नाही.

पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचं ठिकाण. रामनवमीच्या यात्रेला देशभरातून बंजारा बांधव येतात, घरोघरी पाहुणे उतरतात. हात जरा मोकळा झाला, की वर एक खोली आणि न्हाणीघर चढवायचं, ही आता रीतच झाली आहे. पण खालचा स्लॅब टाकताना वर न्हाणी येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मग नंतर स्लॅबला भोक पाडून पाइप सोडतात, वर फरशी बसवतात, सांध्यांत पांढरं सिमेंट भरतात आणि झालं काम! वॉटरप्रूफिंग राहूनच जातं.

भांडण सुरू होतं ते इथून. बचत गटाच्या कामानं घरोघरी जाते, तेव्हा हेच ऐकते. वर थोरली जाऊ, खाली धाकटी. खालची म्हणते, "तुमच्या आंघोळीचं पाणी माझ्या चुलीवर पडते." वरची म्हणते, "माझी फरशी तर कोरडी ठणठणीत आहे, या बाप्पा पाहायला!" मैत्रिणींनो, दोघीही खरंच बोलत असतात. पाणी फरशीखाली मुरतं, स्लॅबमधून आडवं सरकतं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून खालचीनं खालूनच ओरडण्यापेक्षा वरचीला हाताला धरून खाली आणावं, छत दाखवावं. अर्धा राग तिथंच उतरतो.

मग शोध घ्यावा, तो मात्र दोघींनी मिळून. त्याला इंजिनिअर लागत नाही. वर कुणी नळ उघडला नाही तरी रात्रंदिवस थेंब पडतात? मग टाकीकडून येणाऱ्या पाइपचा संशय धरा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून थेंब थांबतात का ते पाहा. आंघोळीनंतरच ओल वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे तपासा. फक्त पावसातच गळत असेल, तर न्हाणीला दोष देऊ नका, भिंत आणि गच्ची पाहा. आणखी एक परीक्षा करता येते. न्हाणीच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवायचा, इंचभर पाणी साठवायचं, चोवीस तास ठेवायचं. खाली डागाभोवती पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहायची. ओल रेघेबाहेर गेली, तर फरशीतूनच पाणी मुरतं आहे.

वाशिम जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्यासाठी बाईचीच पायपीट होते, म्हणून एक बादली रात्रभर थेंबाखाली ठेवून पाहा. सकाळी किती पाणी वाया गेलं ते घरातल्या पुरुषांना दाखवा. त्या बादलीला उत्तर द्यायला 'पाहू पुढं' पुरत नाही.

ही गोष्ट केवळ डागाची नाही. ओलीनं स्लॅबमधलं लोखंड गंजतं, गंजताना फुगतं आणि खालचं काँक्रीट फोडतं. छताला फुगवटा आला असेल, तर त्याखाली बाळाचा पाळणा किंवा म्हाताऱ्या माणसाची खाट ठेवू नका. पंख्याच्या किंवा दिव्याच्या ठिकाणी पाणी येत असेल, तर बटणाला हात न लावता मेन स्विच बंद करा. तो ओला असेल, तर त्यालाही हात लावू नका, वायरमनला बोलवा.

दुरुस्ती वरूनच करावी लागते. खालून प्लास्टर केलं, तर ते पुन्हा फुगतं. वरची फरशी काढून ट्रॅपभोवतीची फट बुजवायची, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवरही थोडा चढवायचा, जाळीकडे उतार द्यायचा. नवी फरशी बसवण्याआधी पाणी साठवून पाहायचं. मिस्त्री घाई करील, पण त्याचे पैसे चुकते करण्याआधी ही परीक्षा झालीच पाहिजे.

आता खर्च कुणाचा? शहरातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या उपविधींमध्ये बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीकडे आणि घरातल्या न्हाणी-मोरीची गळती त्या घरवाल्याकडे सोपवलेली असते. आपल्या गावात सोसायटी नाही, पण हा न्याय घरातही चालतो. ज्याची न्हाणी, त्याची दुरुस्ती. भावाभावांत वाटणी होताना शेताचा बांध न् बांध कागदावर येतो, मग वरच्या न्हाणीची, टाकीची आणि पाइपची जबाबदारी का लिहू नये? ती ओळ लिहून घ्यायला बायांनीच सांगायला हवं. पुरुष सही करून बाहेर जातात, त्या छताखाली दिवस काढायचे असतात आपल्याला.