बाटलीवरचं पदक बघा, पण तिथेच थांबू नका

नाशिकला फिरायला गेलात की परतताना गाडीत एखादी वाइनची बाटली येतेच. मित्राला भेट म्हणून, नाहीतर घरातल्या समारंभासाठी. दुकानात उभं राहिलं की नजर आपोआप बाटलीवरच्या सोनेरी किंवा चंदेरी गोल स्टिकरवर जाते. पदक मिळालंय म्हणजे चांगलीच असणार, असं वाटतं आणि हात तिकडे वळतो.

या स्टिकरबद्दल तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. ज्यांच्या घरात वाइन येते त्यांच्याशी, आणि ज्यांच्या बागेतून द्राक्षं वाइनरीत जातात त्यांच्याशीही. जे घेत नाहीत, त्यांनी केवळ पदक पाहून सुरुवात करू नये, हेही आधीच सांगून ठेवते.

आपल्या मातीतल्या वाइनला पदक मिळतं याचा आनंद मलाही होतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी नाशिक म्हणजे खायची द्राक्षं, एवढंच बहुतेकांना ठाऊक होतं. नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. मग दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडे वाइनऱ्या उभ्या राहिल्या, तिकडे अकलूजलाही. आज सुला, ग्रोव्हर झांपा, फ्रॅटेली यांच्या वाइन परदेशातल्या स्पर्धांत पदकं घेतात. यामागे पुष्कळ माणसांचे कष्ट आहेत.

पण पदक म्हणजे काय, हे नीट समजून घ्या.

वाइनरी आपल्या वाइनपैकी कुठली पाठवायची ते स्वतः ठरवते. प्रत्येक वाइनमागे प्रवेश फी भरते आणि बाटल्या पाठवते. परीक्षकांना लेबल दिसत नाही. ते पेल्यातला रंग पाहतात, वास घेतात, घोट तोंडात फिरवतात आणि थुंकून टाकतात. हो, थुंकतात. दिवसभरात इतक्या वाइन चाखायच्या असतात की गिळल्या तर परीक्षण होणारच नाही. मग गुण देतात.

लंडनची डिकँटर ही मोठी स्पर्धा घ्या. तिथे 86 ते 89 गुणांना कांस्य, 90 ते 94 ला रौप्य, 95-96 ला सुवर्ण आणि त्यावर प्लॅटिनम असा हिशेब आहे. म्हणजे हे पदक धावण्याच्या शर्यतीतल्यासारखं पहिल्या तिघांपुरतं नसतं. ते शाळेतल्या श्रेणीसारखं असतं. जेवढ्यांना तेवढे गुण पडतील, तेवढ्यांना पदक. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या आश्रयाखालच्या स्पर्धांत तर नियमच आहे, की आलेल्या वाइनपैकी जास्तीत जास्त 30 टक्क्यांना पदक द्यायचं. शंभरातल्या तीस बाटल्यांना पदक मिळू शकतं, हे लक्षात ठेवा.

परीक्षकही माणसंच. अमेरिकेत रॉबर्ट हॉजसन नावाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांची स्वतःची छोटी वाइनरी. आपल्याच वाइनला एका स्पर्धेत सुवर्ण आणि दुसरीत काहीच नाही, असं का होतं, हा प्रश्न त्यांना पडला. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत त्यांनी परीक्षकांसमोर एकाच बाटलीतली वाइन तीनदा ठेवली, न सांगता. दहा परीक्षकांतला साधारण एकच तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देऊ शकला. 2009 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या तेरा स्पर्धांचे निकाल शेजारी ठेवून पाहिले. तीनहून अधिक स्पर्धांत उतरलेल्या वाइनपैकी जवळपास निम्म्यांना कुठे ना कुठे सुवर्ण मिळालं होतं. आणि त्या सुवर्णवाल्यांपैकी 84 टक्क्यांना दुसऱ्या कुठल्यातरी स्पर्धेत काहीही मिळालेलं नव्हतं.

हे सांगते ते पदकं खोटी आहेत असं म्हणण्यासाठी नाही. लेबल न पाहता केलेलं परीक्षण हे जाहिरातीपेक्षा केव्हाही बरं. पण एका दिवशी, एका टेबलावर, काही जाणत्या लोकांना ती आवडली, इतकंच पदक सांगतं. त्याला तेवढंच वजन द्या.

आता दुकानात काय कराल?

स्टिकर जवळून वाचा. स्पर्धेचं नाव आणि वर्ष आहे का ते बघा. नुसतं सोनेरी वर्तुळ आणि त्यात 'उत्कृष्ट' असं काही लिहिलं असेल, तर ते पदक नव्हे, सजावट आहे.

मग बाटलीवरचं द्राक्ष हंगामाचं वर्ष बघा. पदक त्या एका वर्षाच्या वाइनला मिळालेलं असतं. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. एका वर्षी थंडी चांगली पडते, दुसऱ्या वर्षी अवकाळी पाऊस झोडपतो. बाग तीच, वाइन वेगळी. दुकानाच्या भिंतीवर लावलेलं पदक तुमच्या हातातल्या बाटलीचंच आहे का, हे विचारायला संकोच करू नका. चांगला विक्रेता राग मानत नाही.

बाटली कुठे ठेवली होती तेही पाहा. मे महिन्यात काचेमागे उन्हात उभी असलेली पदकविजेती वाइन घेऊ नका. उष्णतेने तिची चव गेलेली असते. घरी नेतानाही गाडीच्या डिकीत दिवसभर तापू देऊ नका. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांपलीकडे ठेवू नका.

फळांच्या वाइनबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे घराघरात गैरसमज आहेत.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, घोलवडचा चिकू, जांभूळ, अननस, आंबा. या सगळ्यांची वाइन आपल्याकडे होते. मला हा उद्योग मनापासून पटतो. जांभूळ तोडल्यावर दोन दिवसांत मऊ पडतं. स्ट्रॉबेरीचा बारीक किंवा वेडावाकडा माल पेटीत चालत नाही. तो फेकण्यापेक्षा त्याचे पैसे झाले तर शेतकऱ्याच्या घरात चार पैसे जास्त येतात. दूर अरुणाचलात झिरोच्या खोऱ्यात 2017 पासून किवीची वाइन होते. तिथल्या बागायतदारांना बाजार लांब पडत होता, त्यांना यातून वाट मिळाली.

पण या वाइनची तुलना द्राक्षाच्या वाइनशी करू नका. युरोपच्या कायद्यात नुसतं 'वाइन' म्हटलं की ती द्राक्षाचीच. बऱ्याच मोठ्या स्पर्धा फळांच्या वाइनला घेतच नाहीत, किंवा तिचा वर्ग वेगळा ठेवतात. त्यामुळे चिकूच्या बाटलीवर परदेशी पदक नाही म्हणून तिला कमी समजू नका. आणि असलं, तर ते कुठल्या वर्गातलं आहे ते वाचा. अशा बहुतेक वाइन ताज्याच चांगल्या लागतात. कपाटात पाच वर्षं जपून ठेवण्यात काही अर्थ नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. वाइनच्या द्राक्षात साखर भरपूर असते. बाकीच्या बहुतेक फळांत ती कमी पडते, म्हणून वाइन करताना वरून साखर घालावी लागते. ती सगळी आंबून संपतेच असं नाही. गोड लागते, सरबतासारखी पटकन पोटात जाते. पण ती सरबत नाही. तिच्यात अल्कोहोल आहे. लेबलवर टक्केवारी छापलेली असते, ती घरात सगळ्यांना दाखवा. मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी, फ्रिजच्या दारात सरबताच्या बाटल्यांशेजारी, ती ठेवू नका.

आणि जांभळाची वाइन मधुमेहाला चांगली, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. जांभळाच्या बियांचं चूर्ण आपल्याकडे पूर्वापार घेतात, त्यावरून हा समज पसरला आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात सुनेने प्रेमाने सासऱ्यांना रोज रात्री अशी वाइन द्यायला सुरुवात केली होती. त्यांना इन्सुलिन चालू होतं. अल्कोहोलमुळे इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर रात्रीतून धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी वेळीच थांबवलं म्हणून निभावलं. पदक चवीला मिळतं, औषधाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित म्हणता येत नाही. वाइनही त्यात आली. घरात कुणाची औषधं चालू असतील, कुणी गरोदर असेल, कुणाचं यकृत नाजूक असेल, तर आग्रह करू नका. 'फळाचीच तर आहे' असं म्हणून तर मुळीच नाही.

घरी फळं आंबवून वाइन करून विकायचा विचार असेल, तर आधी राज्य उत्पादन शुल्काच्या कार्यालयात जा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, मग ती स्ट्रॉबेरीची का असेना.

वाइनरीत चाखायला जाताना गाडी कोण चालवणार ते निघतानाच ठरवा. त्याने घोटही घेऊ नये. परीक्षकासारखं थुंकलं तर चालेल, असंही नाही; तोंडात थोडी राहतेच. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मुंबईला परतताना पुढे कसारा घाट आहे. तिथे दंडाची नाही, जिवाची काळजी करायची असते.

शेवटी बागायतदार घरांसाठी.

वाइनरीला पदक मिळालं, पेपरात फोटो आला, म्हणून वाइनच्या द्राक्षाची लागवड करायला धावू नका. थॉमसन किंवा सोनाका अशी खायची द्राक्षं असतील तर एक व्यापारी नाही तर दुसरा घेतो, नाहीच तर बेदाणा करता येतो. शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लाँ यांचं तसं नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायला कुणी घेत नाही. वाइनरीने पाठ फिरवली की माल वेलीवरच राहतो. 2008-09 च्या मंदीत हेच झालं. वाइनचा खप बसला, वाइनऱ्या अडचणीत आल्या, पुष्कळांचे पैसे अडकले आणि जपून वाढवलेल्या बागा लोकांना तोडाव्या लागल्या. ज्यांच्याकडे लेखी करार नव्हता, त्यांना दाद मागायलाही काही हातात नव्हतं.

म्हणून करार लेखी घ्या. किती वर्षांसाठी, किलोला काय भाव, किती ब्रिक्सला, म्हणजे रसात किती साखर भरल्यावर, तोडणी, ब्रिक्स कमी भरलं तर किती कपात, पैसे किती दिवसांत, हे सगळं त्यात मराठीत लिहून घ्या. साखर मोजताना स्वतः हजर राहा, आपला रिफ्रॅक्टोमीटर बरोबर न्या. वजनाची पावती त्याच दिवशी घ्या. सगळी बाग एकाच वाइनरीच्या भरवशावर ठेवू नका, काही भाग खाण्याच्या द्राक्षाचा राहू द्या. आणि घरातल्या बाईलाही करार वाचून दाखवा. बागेत ती तुमच्याइतकीच राबते.

एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू होते. त्याआधी कागद हातात हवा.