जुनी स्कॉर्पिओ : किंमत एक, खर्च दुसरा

जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘स्कॉर्पिओ आहे का?’ हा प्रश्न नेहमीचाच झाला आहे. उंच बांधा, दणकट चासी, सात-आठ माणसांची सोय आणि गावोगावी मिळणारा मिस्त्री, या कारणांनी ही गाडी शेतकऱ्यापासून कंत्राटदारापर्यंत सर्वांना हवीशी वाटते. जून २००२ मध्ये ती प्रथम बाजारात आली. २००९ पासून तिला २.२ लिटरचे ‘एमहॉक’ डिझेल इंजिन मिळाले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये चासीसह तिची नवी आवृत्ती निघाली. आज बाजारात फिरणाऱ्या जुन्या स्कॉर्पिओ बहुतांशी याच एमहॉक इंजिनाच्या आहेत. आपले अनेक तरुण साठवलेली पुंजी किंवा कर्जाऊ पैसा घालून अशी गाडी घेतात आणि तिच्यावर धंदा उभा करण्याचे स्वप्न पाहतात. त्यांच्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, जुनी गाडी महाग पडते ती खरेदीच्या दिवशी नव्हे, तर पहिल्या वर्षात. ग्राहक दलालाशी दहा हजारांसाठी दोन तास घासाघीस करतो, परंतु बॉनेट उघडून दहा मिनिटे उभा राहत नाही. रंग, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम पाहून विसार दिला जातो. पुढे गॅरेजचे बिल हाती पडले की डोळे उघडतात.

दुखणी कोणती?

पहिले दुखणे टर्बोचे. लांबचा पल्ला मारून गाडी थांबवताच चावी फिरवण्याची सवय असलेल्या चालकांच्या हाती टर्बो लवकर मरतो. तो अतिशय वेगाने फिरतो आणि इंजिन बंद होताच त्याला मिळणारे ऑइल थांबते. ऑइल वेळेवर न बदलणाऱ्याची गतही तीच. पिकअप पडणे, शिट्टीसारखा आवाज येणे, निळसर धूर मारणे या त्याच्या खुणा होत. बाहेरच्या गॅरेजमध्ये नवा टर्बो बसवायचा तर साधारण ३० ते ४० हजार रुपये लागतात.

दुसरे दुखणे इंजेक्टरचे. कॉमन रेल इंजिनात डिझेल अतिशय उच्च दाबाने फवारले जाते. डिझेलमधील पाणी आणि कचरा त्याला मुळीच सहन होत नाही. काहीशे रुपयांचा डिझेल फिल्टर वेळेवर न बदलल्याने एक-एक इंजेक्टर १५ हजारांच्या घरात जातो, आणि इंजेक्टर चार असतात. सकाळी स्टार्ट होण्यास वेळ लागणे, उभ्या गाडीचे इंजिन थरथरणे, काळा धूर येणे ही लक्षणे दिसली तर इंजेक्टर तपासून घ्यावेत. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचली तरी काळा धूर आणि मंद पिकअप दिसतो. ते काम साफसफाईवर स्वस्तात निभते. म्हणूनच दुखणे नेमके कोणते, हे स्कॅनर लावून ठरवल्याशिवाय सुटा भाग बदलू देऊ नये.

तिसरा खर्च क्लचचा. गाडी वजनदार, त्यात घाटरस्ता आणि अर्धा क्लच दाबून चालवण्याची सवय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून १२ ते १५ हजार रुपये धरावेत. फ्लायव्हील खराब निघाले तर अधिक. चौथे काम पुढच्या सस्पेन्शनचे. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअप हे आपल्या रस्त्यांवर टिकतील तरी किती? खड्ड्यात ‘खटखट’ ऐकू आली आणि टायर आतून झिजलेले दिसले की १५ ते २० हजार बाजूला काढावेत. त्याशिवाय मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शियलचा घुरघुराट आणि एसीच्या कंडेन्सरची गळती ही कामेही अधूनमधून निघतात.

हे सर्व आकडे अंदाजाचे आहेत. गाव, मॉडेल आणि सुट्या भागांचा दर्जा यांनुसार ते कमी-जास्त होतील. कंपनीच्या अधिकृत केंद्रात खर्च बराच वाढेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी झाला. पूर्वी त्यांतील अनेकांवर तो २८ टक्के होता. त्यामुळे बिल मागितल्यास पूर्वीइतके महाग पडत नाही. पक्के बिल घ्यावे. नकली भाग निघाला तर हातात काही तरी पुरावा राहतो.

हिशेब मांडून पाहा

समजा, गाडी ६ लाखांना ठरली. टायर झिजलेले आहेत, चार टायरचे ४० हजार. क्लच १५ हजार, सस्पेन्शन २० हजार, टर्बो ३५ हजार. झाले १ लाख १० हजार. वर इंजेक्टर निघाले तर ६० हजार आणखी. म्हणजे ६ लाखांची गाडी पावणेआठ लाखांच्या आसपास पोचली. सर्व कामे एकदम निघतीलच असे नाही, हे मान्य. परंतु ज्याने शेवटचा रुपयाही खरेदीत घातला, त्याची गाडी पहिल्याच मोठ्या कामाला दारात उभी राहते. गाडी उभी, धंदा बंद आणि हप्ता मात्र चालू! म्हणून आमच्या मते, ६ लाखांची ऐपत असणाऱ्याने ५ लाखांची गाडी पाहावी आणि उरलेले लाखभर दुरुस्तीसाठी हाताशी ठेवावेत.

घेण्यापूर्वी

गाडी सकाळी, थंड इंजिनावर स्टार्ट करून पाहावी. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पुष्कळ दोष लपवते. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडून पाहावे. धुराचे लोट उठत असतील तर इंजिनाचे काम जवळ आले असे समजावे. मीटरवरील किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि सर्व्हिसच्या नोंदी यांचा मेळ बसतो का ते पाहावे. टायरवरील चार आकड्यांत तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात बनला ते लिहिलेले असते. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा आणि चिपळूणचा २०२१ चा महापूर आपण पाहिला आहे. बुडालेली गाडी रंगवून विकायला वेळ लागत नाही. गालिचा उचलून गंज, गाळ आणि वायरिंगचे जोड अवश्य पाहावेत.

तपासणी विकणाऱ्याच्या मिस्त्रीकडून करून घेऊ नये. आपल्या ओळखीच्या, जाणकार मिस्त्रीला त्याची मजुरी देऊन सोबत न्यावे. ‘जरा बघून दे’ म्हणून चहावर काम करून घेण्याची आपली सवय वाईट आहे. ज्याच्या नजरेवर आपले पाच-सहा लाख अवलंबून आहेत, त्याला हजार-दोन हजार देण्यात कंजुषी कसली?

कागदांचेही तसेच. मोटार वाहन कायद्यानुसार खरेदीदाराने ३० दिवसांत गाडी नावावर करण्यासाठी कळवावे लागते आणि विम्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. विकणाऱ्यानेही स्वस्थ बसू नये. नोंदणी ज्याच्या नावे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. आणि खासगी नोंदणीची गाडी भाड्याने फिरवणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय अपघातात विमा कंपनी हात वर करते. धंदा करायचा तर परवान्यासह करावा.

विक्रेत्यांना दोन शब्द

या व्यवसायात आपले अनेक बांधव आहेत. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर सर्व जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के जीएसटी आहे. नफा आवळला गेला आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्यावर मीटर मागे फिरवणे हा उपाय नव्हे. ‘जशी आहे तशी’ म्हणून विकले की सुटलो, हा समजही खोटा आहे. माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणे ही १८७२ च्या करार कायद्यात फसवणूकच ठरते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी घेणारा ग्राहकही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागू शकतो.

त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. गाडीचे दोष आणि झालेली कामे एका कागदावर लिहून द्यावीत, आणि इंजिन-गिअरबॉक्सची महिनाभराची तरी लेखी हमी द्यावी. किंमत पाच-दहा हजारांनी चढी ठेवली तरी ग्राहक आनंदाने देईल, कारण त्याला रात्री झोप लागेल. जुन्या गाडीचा बाजार शेवटी शब्दावर चालतो. एक फसलेला ग्राहक दहा जणांना परत फिरवतो आणि एक समाधानी ग्राहक आपल्या भावाला घेऊन येतो. दुकान कोणत्या ग्राहकावर चालवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.