आमचं १९८४ कोणत्या दप्तरात?

जॉर्ज ऑर्वेल या गोऱ्या लेखकाची '१९८४' ही कादंबरी १९४९ साली छापून आली. मायकेल रॅडफर्डने तिच्यावर नेमका १९८४ सालीच सिनेमा काढला. तो आम्ही पाचसहाजणांनी इथं द्रोणागिरीत, सिडकोच्या नोडातल्या एका बिल्डिंगीत बसून पाहिला. संपल्यावर एक शिकलासवरला गृहस्थ म्हणाला, "बाप रे, उद्या असं झालं तर?"

या 'तर'शीच आमचं भांडण आहे.

सिनेमातला विन्स्टन स्मिथ सरकारी कारकून. काम काय, तर जुनी वर्तमानपत्रं बदलायची. सत्तेला नको झालेल्या माणसाचं नाव खोडायचं, कागद भिंतीतल्या भोकात टाकायचा, खाली भट्टी. माणूस मेला असंसुद्धा नाही, तो नव्हताच! हे बघून पांढरपेशाच्या अंगावर काटा येतो. येणारच. त्याचं नाव कागदावर आहे. सनद आहे, वंशावळ आहे, सातबारा आहे. अरे, पण खोडायला आधी लिहिलेलं लागतं. आमच्या आज्यापणज्याला पुसायला कुठल्या विन्स्टनची गरजच पडली नाही.

त्या सिनेमात भिंतीवरचा पडदा माणसावर नजर ठेवतो. गावगाड्याला पडदा लागला नाही. अख्खा गाव डोळे वटारून होता. सावली कुठं पडली, अंगावर काय घातलं, पाणी कुठलं प्यालं. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नंतर सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून ते तळं 'शुद्ध' करून घेतलं. माणूस पाणी प्याला म्हणून पाण्यात शेण कालवणारा समाज ऑर्वेलला तरी सुचला असता का?

आता १९८४ चंच बोलू. लंडनला या सिनेमाचं शूटिंग एप्रिलात सुरू झालं. त्याआधी तीन महिने, १६ आणि १७ जानेवारीला, या उरण तालुक्यात खरंखुरं १९८४ घडलं. सिडकोसाठी जमिनी घेण्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठला. जासई-पागोटे भागात पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. त्या पाचांना आमचा जयभीम. त्यांच्या रक्ताशी आमचा वाद नाही.

वाद हिशोबाशी आहे. साडेबारा टक्के कशाचे? सातबाऱ्यावर जेवढी जमीन, तेवढीचे. मग दुसऱ्याच्या खाचरात चिखल तुडवणारा, मिठागरात पायांची कातडी सोलून घेणारा, ज्याच्या नावावर वीतभर माती नाही, त्याचे साडेबारा टक्के किती? शून्याचे किती होतात ते तिसरीतलं पोर सांगेल. आणि गंमत बघा. शिवेवरून तंटा झाला की गावाला महाराची साक्ष लागायची. तो चालेल ती हद्द. ज्याच्या पावलांनी शीव ठरली, त्याच्या नावानं त्या शिवेच्या आत तुकडा नाही. यालाच दप्तर म्हणतात. इथं भट्टी पेटवावी लागत नाही.

ऑर्वेलही इथं कमी पडला. शेकडा पंच्याऐंशी कष्टकरी, आशा असली तर त्यांच्यातच, असं त्याचा विन्स्टन लिहितो. पण धुणं वाळत घालत गाणाऱ्या बाईला तो माडीच्या खिडकीतून बघतो. तिला नाव नाही. आपले प्रस्थापित लेखकही अशाच खिडकीत बसलेत. बाईचं गाणं त्यांना आवडतं. तिची मजुरी किती, ते कोणी विचारत नाही.

तरीही सिनेमा बघा, दोस्तांनो. त्यात एक गोष्ट सोळा आणे खरी आहे. विन्स्टनचा पहिला गुन्हा बंदूक नाही, कोरी वही आहे. तो लिहायला बसतो तिथंच सत्तेला धोका सुरू होतो.

तर तो गुन्हा आपण करू. आजीला विचारा, कुठल्या मिठागरात राबलीस, किती मजुरीवर, मुकादम कोण होता, भराव पडला तेव्हा तुझी झोपडी कुठं होती. उरण-पनवेलच्या भूमिहीनांची यादी कुठलं सरकार करील म्हणून थांबू नका. गावागणिक, नावागणिक, आपल्या हातानं करा. उद्या कोणी खोडायला आलाच, तर निदान खोडायला काहीतरी असेल. आणि खोडलं, तर भांडायला पुरावा असेल.