प्रबंधाचा पत्ता : कासेगाव

पुणे-बेंगळुरू महामार्गावर कऱ्हाड मागे पडलं, की थोड्या वेळात कासेगाव येतं. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं हे गाव. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये २ ऑगस्ट १९४१ रोजी जन्मलेल्या अभ्यासक आणि कार्यकर्त्या डॉ. गेल ऑम्व्हेट या गावच्या सून झाल्या, इथल्याच होऊन राहिल्या आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी इथेच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

त्यांच्यावर बोलायला उभे राहणारे बहुतेक वक्ते पहिल्या दोन वाक्यांत ‘परदेशी असूनही’ म्हणतात. हे कौतुक मनापासूनचं असतं, पण त्याने त्यांचं काम झाकलं जातं. १९७६ मध्ये डॉ. भारत पाटणकरांशी लग्न, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व, हा तपशील महत्त्वाचा आहेच. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ज्या माणसांवर त्यांनी प्रबंध लिहिला त्यांच्यासमोर त्या आयुष्यभर मराठीतून बोलत राहिल्या.

तो प्रबंध १९७३ चा, बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला. विषय होता पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ. काळ १८७३ ते १९३०, म्हणजे सत्यशोधक समाजाच्या स्थापनेपासून पुढचा. त्या वेळी या चळवळीची बोळवण एका ओळीत होत असे : इंग्रजांच्या आश्रयाने वाढलेलं, नोकऱ्या आणि राखीव जागांसाठीचं राजकारण. ऑम्व्हेट यांनी सरकारी दप्तरं पाहिलीच, पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. गावोगावच्या सत्यशोधक जलशांचा, पुस्तिकांचा, नगर जिल्ह्यातल्या तरवडीहून मुकुंदराव पाटील चालवत असलेल्या ‘दीनमित्र’चा त्यांनी माग काढला. १९२० च्या आसपास सातारा जिल्ह्यात कुळांनी जमीनदारांविरुद्ध केलेला उठाव त्यांनी याच धाग्यात ओवला. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : हे शेतकऱ्यांच्या पाठबळावर उभं राहिलेलं सांस्कृतिक बंड होतं. मराठी वाचकाला आज ही गोष्ट ओळखीची वाटते, याचं बरंच श्रेय या संशोधनाला आहे.

प्रबंध झाल्यावर विद्यापीठात प्राध्यापकी करत बसणं त्यांना सहज शक्य होतं. त्या महाराष्ट्रात परत आल्या. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात महाराष्ट्रातल्या शेतमजूर बाया, कामगार स्त्रिया काय बोलत होत्या, ते त्यांनी ‘वुई विल स्मॅश धिस प्रिझन’ या पुस्तकात टिपलं. पुढे कासेगावात सासूबाई इंदुताई पाटणकरांसोबत त्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत उतरल्या. इंदुताई स्वातंत्र्यसैनिक, साताऱ्याच्या प्रतिसरकारात वावरलेल्या. या चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न ऐरणीवर आणला. नवऱ्याने टाकलेल्या बाईला कागदोपत्री घर नसतं. तिचं नाव ना सासरच्या रेशनकार्डावर टिकतं, ना माहेरच्या सातबाऱ्यावर चढतं. अशा बायांसमोर पितृसत्तेवर बोलायचं तर परिभाषा उपयोगी पडत नाही. रेशनकार्डापासूनच सुरुवात करावी लागते.

पाण्याचंही तेच. खानापूर तालुक्यातली येरळा नदी दुष्काळात कोरडी पडलेली, आणि ठेकेदार तिच्या पात्रातली वाळू ट्रक भरभरून नेत होते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून गावी परतलेले कामगार या भागात होते. संघर्ष कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. इथल्या मुक्ती संघर्ष चळवळीने मागणी केली, की वाळूवर पहिला हक्क गावाचा. त्याच वाळूच्या पैशाचा हातभार लावून, अभियंते के. आर. दाते यांच्या मदतीने बळीराजा धरण उभं राहिलं. पाणीवाटपाचं तत्त्व त्याहून धाडसी होतं : पाणी जमिनीच्या मापाने नाही, कुटुंबामागे, आणि भूमिहीनालाही त्याचा वाटा. शेतमालकांच्या गावात हे पटवणं सोपं नव्हतं. धरणाचं नाव बळीराजा ठेवण्यामागे जोतीराव फुल्यांनी केलेली बळीच्या कथेची मांडणी आहे. एकोणिसाव्या शतकातला हा विचार ज्यांनी पुस्तकात अभ्यासला होता, त्या बाई तो पाण्याच्या पाळीत उतरताना पाहत होत्या, त्यासाठी बोलत होत्या आणि त्यावर लिहीत होत्या.

त्यांचं सगळंच सर्वांना पटलं असं मुळीच नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला, विशेषतः १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतरच्या महिला आघाडीच्या कामाला, त्यांनी पाठिंबा दिला तेव्हा डाव्या वर्तुळात नाराजी उमटली. १९९९ मध्ये नर्मदेवरच्या धरणांच्या प्रश्नावर लेखिका अरुंधती रॉय यांना त्यांनी खुलं पत्र लिहिलं : दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला पाणी हवं आहे त्याचं काय, आणि आदिवासींच्या वतीने नेतृत्व करणारे आदिवासी का नसतात? त्या पत्रातला पहिला प्रश्न येरळेच्या काठावरून आलेला होता, म्हणूनच त्याला वजन होतं. धरणांविषयीचं त्यांचं मत काहींना आजही मान्य होणार नाही. पण जवळच्या माणसांचा रोष पत्करून जाहीरपणे वाद घालणं हा अभ्यासकाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे, आणि तो त्यांनी पुन्हा पुन्हा दिला.

अभ्यासकाने सभेत उतरू नये, त्याची तटस्थता जाते, असं आपल्याकडच्या विद्यापीठांत अजून बोललं जातं. ऑम्व्हेट यांच्या बाबतीत उलटच घडलं. बुद्ध, रविदास, तुकोबा, फुले, आंबेडकर अशी जातिविरोधी विचारांची परंपरा त्यांनी ‘बुद्धिझम इन इंडिया’ आणि ‘सीकिंग बेगमपुरा’मध्ये मांडली. त्या मांडणीला जी ऊब आहे, ती ग्रंथालयातून येत नाही. समोर बसलेला श्रोता अडवतो, ‘आमच्याकडे असं नाही’ म्हणतो, तेव्हा अभ्यासकाला पुन्हा विचार करावा लागतो. कोणत्याही परीक्षकापेक्षा ही कसोटी कडक असते.

म्हणून एक विनंती. आज महाराष्ट्रातल्या तालुक्यांवर, जातींवर, दुष्काळावर पीएच. डी. करणारे शेकडो विद्यार्थी आहेत. पदवी हातात आली, की प्रबंधाची एक प्रत त्या गावच्या वाचनालयात ठेवा. आणि एका संध्याकाळी त्याच गावात जाऊन, काय सापडलं ते मराठीत सांगा. प्रश्न विचारायला लोक थांबतील.