फवारणी आणि शुगर

धानावर तुडतुडे दिसले की आपण पंप पाठीवर घेऊन बांधीत उतरतो. २०१७ साली यवतमाळात फवारताना विषबाधेने माणसे दगावली, ते सर्वांना ठाऊक आहे. सावकाश होणारी इजा मात्र दिसत नाही. त्याच वर्षी मदुराईच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले, की ऑर्गॅनोफॉस्फेट औषध आतड्यातले जंतू फोडतात आणि त्यातून रक्तातली साखर वाढते. अमेरिकेत २००८ साली डायक्लोरव्हॉस वारंवार मारणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळला. आपल्याकडे ते २०२० अखेर बंद झाले. हा पक्का पुरावा नव्हे, पण उघड्या अंगाने फवारायला परवानाही नव्हे! खरा धोका रोजीने दहा जणांच्या बांध्या फवारणाऱ्या मजुराला. तिशीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर फुकट तपासतात. मालकाने त्याला हातमोजे द्यावेत, आणि तपासणीला एक दिवसाची सुटीही.