रिकाम्या धक्क्याची साक्ष

मुंबई बंदराची १८६०च्या आसपासची छायाचित्रं पाहताना आधी जाणवते ती शांतता. दगडी पायऱ्या, नांगरलेल्या जहाजांच्या डोलकाठ्या, पाणी काचेसारखं आणि माणसं तुरळक. मग 'तेव्हाची निवांत मुंबई' म्हणून हळहळणं सुरू होतं. मला हा निष्कर्ष साफ अमान्य आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ससून डॉक झाला १८७५ साली, प्रिन्सेस डॉक १८८०मध्ये. तोवर मोठी जहाजं खोल पाण्यात उभी राहत आणि माल पडावांतून, म्हणजे छोट्या मालवाहू होड्यांतून, न्यावा लागे. म्हणजे प्रत्येक गाठ हमालांनी पडावात चढवायची आणि खलाशांनी जहाजापर्यंत पोचवायची. एवढा व्यापार रिकाम्या धक्क्यावरून होत नसतो.

मग ही माणसं गेली कुठे? एक कारण तांत्रिक आहे. तेव्हा काचेला रसायनाचा थर देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावं लागे आणि भिंग बरेचदा काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात जो हलला तो पुसट झाला किंवा नाहीसाच झाला. लाटांचीही तीच गत, म्हणून ते पाणी गुळगुळीत. थांबलेला माणूस काचेवर उमटला, ओझं घेऊन चालणारा उमटला नाही. धक्क्यावर थांबायची मुभा कोणाला होती, हे वेगळं सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, मग दोष यंत्राचा, छायाचित्रकाराचा नव्हे. हे अर्धंच खरं आहे. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने इथल्या जातीजमातींवरचा ग्रंथ १८६३ आणि १८६६मध्ये दोन खंडांत लंडनहून प्रसिद्ध केला. त्यात माणसांची चित्रं वेगळी घेऊन ती मुंबईतल्या ठिकाणांच्या चित्रांवर जोडलेली आहेत. माणूस हवाच असेल, तर यंत्राच्या मर्यादेवर तोड निघत होती, ती अशी. फक्त त्या ग्रंथात माणूस येतो तो जातीचा आणि पोशाखाचा नमुना म्हणून. बंदराची दृश्यं विकत घेणाऱ्या साहेबालाही इमारती, जहाजं आणि समुद्रात घातलेल्या नव्या भरावाच्या रेखीव भिंती हव्या होत्या. तो भराव घालणारे हात त्याला नको होते.

पुढे कोरड्या काचा आल्या, १८८०नंतर क्षणार्धात चित्र घेता येऊ लागलं आणि धक्क्यांवरची गर्दी दिसू लागली, हेही मान्य. पण तोवर गोद्या बांधून झाल्या होत्या, जहाजं थेट धक्क्याला लागत होती आणि पडावांवरची ती जुनी मेहनत ओसरू लागली होती. कापसाच्या तेजीत बंदर पाठीवर पेलणारी पिढी त्या चित्रांत येणं आता शक्य नव्हतं. म्हणून प्रदर्शनांत आणि पुस्तकांत ही आधीची चित्रं लावताना, खाली जागेचं नाव आणि साल एवढंच देऊन भागणार नाही. भिंग किती वेळ उघडं असे आणि त्या वेळी धक्क्यावर कोणतं काम चालू होतं, हेही तिथेच छापलं पाहिजे.